उजवीकडचा तुकडा

मध्यस्थीचं पत्र शेडताईंनी जिन्यातच फोडलं, उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि दोन पायऱ्या चढल्यावर पुन्हा बाहेर काढलं. मजकूर साधाच होता. सुनावणी महिन्यावर आली आहे, त्याआधी दोन्ही पक्षांनी एकदा मध्यस्थासमोर बसून तडजोड होते का पाहावं, असं तक्रार मंडळाने सुचवलं होतं. कंपनीने तयारी दाखवली होती. आपली तयारी आहे का, ते कळवावं.

कंपनीची तयारी. बाईंना हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. पाच महिने ज्या कंपनीने तक्रारीवर ब्र काढला नव्हता, उलट तक्रार केली म्हणून बाईंना उचलून घडीखात्यात नेऊन टाकलं होतं, तिला अचानक गोडीगुलाबीने बसून बोलायची हुक्की आली होती. का आली, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. ते कारण नऊशे मीटर लांबीचं होतं आणि बाईंनी स्वतःच्या हाताने त्याच्या घड्या घातल्या होत्या.

पण ते नंतर. आधी शेडताई हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. नाव अर्थातच कामावरून, म्हणजे शेड, रंगाची छटा, जुळवण्यावरून पडलेलं. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा आणून देतं आणि म्हणतं, अगदी असाच रंग पाहिजे. मग रंगखात्यात चार-पाच तुकडे रंगवून बघतात, सगळे एकमेकांच्या उन्नीस-बीस. ते तुकडे एका पेटीत, तीन वेगवेगळ्या दिव्यांखाली, मूळ नमुन्याशेजारी ठेवायचे आणि जुळणारा कोणता ते सांगायचं. एकदा सांगितलं की त्यावर हजारो मीटर माल रंगतो. चूक झाली तर परत फिरता येत नाही. रंग मोजायचं मशीन होतं, पण मशीन आकडा सांगतं आणि गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतं. बाईंनी बावीस वर्षं हे काम केलं होतं आणि बावीस वर्षांत त्यांच्या पसंतीचा एकही लॉट परत आला नव्हता. हे त्या स्वतःच सांगत, आणि सांगताना अजिबात लाजत नसत.

गेल्या वर्षी जुने शेडमास्तर निवृत्त झाले. जागा बाईंचीच, यात कुणाला शंका नव्हती. बाईंना तर नव्हतीच. त्यांनी मुलाखतीसाठी नवी चप्पल घेतली होती. तिघा साहेबांनी मुलाखत घेतली, हसून निरोप दिला आणि जागा दिली धाकट्याला. धाकटा म्हणजे अकरा वर्षांपूर्वी बाईंच्या हाताखाली शिकाऊ म्हणून आलेला मुलगा. बाईंनीच त्याला धाकटा म्हणायला सुरुवात केली, मग सगळं खातं म्हणू लागलं. आता त्याच्या दारावर पाटी लागली.

बाईंनी तक्रार केली. तक्रार केल्यावर मंडळाने कंपनीकडून मुलाखतीचे कागद मागवले आणि त्यांची एक प्रत बाईंना मिळाली. बाईंच्या नावापुढे लिहिलं होतं: कामात उत्तम, परंतु स्वभाव तापट, घरची जबाबदारी, महिला असल्याने गिऱ्हाइकांसोबत दौऱ्यावर पाठवणे गैरसोयीचे. धाकट्याच्या नावापुढे दोनच शब्द होते. नजर अचूक.

ते दोन शब्द वाचून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरली नव्हती. महिला असल्याचं त्यांना पचवता आलं असतं असं नाही, पण त्याची निदान सवय होती. "नजर अचूक" मात्र पचणारं नव्हतं. कारण धाकट्याची नजर कशी आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, एक धाकटा आणि दुसऱ्या त्या.

झालं होतं असं. धाकटा नोकरीला लागून दुसराच महिना. बाईंनी त्याला जुने तुकडे वेगळे करायला बसवलं होतं. तासाभराने जाऊन पाहतात तर शेवाळी हिरवे आणि विटकरी तपकिरी त्याने एकाच ढिगात, अगदी नीट चळत लावून ठेवलेले. बाईंनी बाकीच्यांना चहाला पिटाळलं, दार लावलं आणि त्याच्यापुढे सहा तुकडे टाकले. सहापैकी चार चुकले. पोराला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसतच नव्हतं. तो ढसाढसा रडला. नवं लग्न, बायकोला दिवस गेलेले, नोकरी गेली तर काय, असं सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. बाईंना त्याची कीव आली. बाई तापट होत्या, पण कीव आली की त्यांचं डोकं चालायचं बंद व्हायचं. म्हणाल्या, रडू नकोस, मी जुळणारा तुकडा नेहमी उजवीकडे ठेवत जाईन, तू उजवीकडचा म्हणत जा. महिनाभरात दुसऱ्या कामावर बदली मागून घे.

त्या महिन्याची अकरा वर्षं झाली. बाई तुकडे लावायच्या, धाकटा मागे हात बांधून वाकायचा, डोळे बारीक करायचा, गिऱ्हाइकासमोर जरा वेळ घ्यायचा आणि म्हणायचा, "उजवीकडचा." गिऱ्हाईक मान डोलवायचं. बाई रजेवर असल्या की धाकट्याला हमखास ताप यायचा. बाकी पोरगा कामाचा होता, हे बाई रागातही नाकारत नसत. कोणता रंग किती घालायचा त्या मात्रा तोंडपाठ, मशीन बिघडलं तर हात घालणारा, गिऱ्हाइकाशी बोलायला गोड. कधी कधी तर तो इतका ऐटीत "उजवीकडचा" म्हणायचा की बाईंनाच वाटायचं, याला दिसतंय की काय.

आता ते नऊशे मीटर. बाईंना खाली धाडल्यापासून धाकट्याने मशीनच्या आकड्यांवर आणि जुन्याच रंगांवर निभावलं होतं; हा नवा रंग पहिलाच. पंधरा दिवसांपूर्वी पहारेकऱ्यांच्या गणवेशाचा एक लॉट परत आला आणि परतीचा माल म्हणून घडीखात्यात, म्हणजे बाईंच्याच टेबलावर पडला. गाठ सोडून पहिला तागा उलगडला तेवढ्यात बाईंना कळलं. करडा-हिरवा हवा होता, तांबूस मातकट झाला होता. आंधळ्याने हात फिरवला असता तरी कळलं असतं, असं त्या मोठ्याने म्हणाल्या आणि लगेच, तो रंग कुणी पसंत केला असेल ते त्यांच्या ध्यानात आलं.

दुपारी चष्मिस खाली आली. चष्मिस म्हणजे बाईंच्या जागी बसवलेली, रंगशास्त्राची पदवी घेऊन आलेली मुलगी, नोकरीचं दुसरंच वर्ष. तिच्या हातात मेमो होता. तुकडे चुकीच्या क्रमाने मांडल्यामुळे कंपनीचं नुकसान झालं, खुलासा करा. ती बिचारी गोंधळून गेली होती. तिने तुकडे पुस्तकात शिकवल्याप्रमाणे डावीकडून नंबराने लावले होते, जुळणारा दुसरा होता, सर वाकले, डोळे बारीक केले आणि "उजवीकडचा" म्हणाले. तिने विचारलं होतं, सर, दुसरा जास्त जवळचा नाही का? सर खेकसले होते. आता सर म्हणत होते की हिनेच उलटे लावले. तुकड्यांचा असा काही क्रम असतो का ताई, मला कुणी सांगितलंच नाही, असं म्हणून तिने चष्मा पुसला. बाईंनी मेमो घडी घालून तिला परत दिला.

तर कंपनीची तयारी ही अशी आली होती. बाईंनी कळवलं, येते.

मध्यस्थीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. एका खोलीत बाई, कॉरिडॉरच्या पलीकडे दुसऱ्या खोलीत कंपनी, आणि मध्यस्थबाई दोन्ही खोल्यांमध्ये ये-जा करणार. मध्यस्थबाईंना सर्दी झाली होती. त्या रुमालात शिंकून दर वेळी माफी मागत, आणि एकूण त्या भल्या होत्या. त्यांनी सांगितलं की इथे कोण बरोबर कोण चूक हे ठरत नाही, फक्त दोघांना चालेल असं काही निघतं का ते बघायचं. शेडताई म्हणाल्या, कोण चूक ते ठरवायलाच तर तक्रार केली होती. मध्यस्थबाईंनी हे लिहून घेतलं, बहुधा सवयीने.

कंपनीतर्फे आले होते मोठे साहेब. त्यांना कुणी काही मागितलं की ते "बघू" म्हणत, पगारवाढीला बघू, पंख्याला बघू, म्हणून त्यांचं नाव बघूसाहेब. त्या दिवशी मात्र त्यांनी सगळं आधीच बघून ठेवलं होतं. मध्यस्थबाई तीन फेऱ्या मारून आल्या आणि टाइप केलेला मसुदाच घेऊन आल्या. बाईंना घडीखात्यातून परत बोलावण्यात येईल. त्यांना वरिष्ठ रंगसल्लागार असं पद मिळेल. पगार शेडमास्तरच्या बरोबरीने. शिवाय एकरकमी काही पैसे, आणि ती रक्कम बरी होती, नाही म्हणताना घशात अडकेल इतकी बरी. बदल्यात तक्रार मागे. सहावं कलम, झाल्या प्रकाराबद्दल कुणाशीही बोलायचं नाही. सातवं, कोणताही भेदभाव झाला नव्हता हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. बाई वाचत आठव्यावर आल्या. सल्लागार या शेडमास्तरांना रंगनिवडीच्या कामी आवश्यक ते सर्व साहाय्य करतील.

बाईंनी ते कलम तीनदा वाचलं. मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मध्यस्थबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. अकरा वर्षं जे त्या चोरून, कीव येऊन, कुणाच्या अध्यात ना मध्यात असं करत होत्या, ते आता त्यांना सही-शिक्क्यानिशी करायला सांगत होते. उजवीकडे ठेवा, जन्मभर ठेवा, आणि वर पुन्हा गप्प बसा. हे कलम बघूसाहेबांच्या डोक्यातून निघणं शक्य नव्हतं. त्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते कुणी सुचवलं असेल हे बाईंना कळलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं.

सोमवारपर्यंत विचार करा, मध्यस्थबाई म्हणाल्या. घरच्यांशी बोला. बोलायला सहाव्या कलमाने बंदी होती, पण ते सही केल्यावर लागू होणार होतं.

घरी दोन मतं होती आणि दोन्ही बाईंना आवडली नाहीत. नवरा शाळेची बस चालवायचा. दिवसभर पन्नास पोरांचा कलकलाट ऐकून आलेला माणूस, त्याला घरात शांतता हवी असे. पाच महिने बाई जेवताना साहेबांशी भांडत होत्या, आणि साहेब समोर नसल्यामुळे उत्तरं नवऱ्याला द्यावी लागत होती. तो म्हणाला, अगं, पद देतायत, पगार देतायत, अजून काय त्यांनी तुझ्या पाया पडायचं? बाई म्हणाल्या, हो. तो म्हणाला, तसं कुणी पडत नाही. हे खरं होतं, म्हणून बाई जास्तच भडकल्या.

वरच्या मजल्यावरची नणंद खाली येऊन मसुदा वाचून गेली. ती वकिलाच्या ऑफिसात पंधरा वर्षं टायपिंग करून अर्धी वकील झाली होती, आणि उरलेली अर्धी जन्मतःच होती. तिने चष्मा नाकावर ओढून एकेका कलमाखाली नखाने रेघ मारली. सातवं कलम म्हणजे तुम्ही खोटी तक्रार केली असं तुम्हीच लिहून देताय वहिनी, तिने सांगितलं. पण सुनावणीला गेलात तर हातात काय आहे? कागदावर ते लिहितात की त्याची नजर अचूक. ती अचूक नाही, हे तुम्ही सिद्ध कसं करणार?

बाई म्हणाल्या, सिद्ध करायला दोन मिनिटं लागतील. नणंदेने मान वर केली. पण बाईंनी मसुदा तिच्या हातातून काढून घेतला.

कारण खरी गोम तिथेच होती, आणि ती नवऱ्यालाही सांगितलेली नव्हती. सुनावणीत धाकट्यापुढे सहा तुकडे टाकले की खेळ खलास. पण त्यानंतर धाकट्याच्या नावापुढे जे लिहिलं जाईल तेही त्यांना दिसत होतं. बाईंच्या नावापुढे महिला लिहिलं तसं त्याच्या नावापुढे दृष्टिदोष लिहितील आणि हात झटकून मोकळे होतील. तो काही मात्रा विसरणार नव्हता की मशीन दुरुस्त करायचं विसरणार नव्हता, पण त्याचं कुणी ऐकणार नव्हतं. आपल्यावर जे हत्यार चाललं तेच उचलून त्याच्यावर चालवायचं, याचा बाईंना वीट आला. आणि न चालवावं, तर चष्मिसच्या डोक्यावर फुटलेलं खापर तसंच राहणार होतं. शनिवारभर त्या भांडी आपटत राहिल्या.

रविवारी दुपारी धाकटाच आला. वर यायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने खालून फोन केला आणि बाई खाली उतरल्या. पाण्याच्या पंपाच्या खोलीशेजारी, सायकली लावतात तिथे दोघं उभे राहिले. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाईंनी त्याला बस म्हटलं नाही, बसायला तिथे काही नव्हतंही.

तो म्हणाला, आठवं कलम मीच घालायला सांगितलं. बघूसाहेबांना इतकंच सांगितलं की ताईंचा अनुभव मोठा आहे, त्या जवळ असाव्यात. म्हणजे दोघांचंही भागेल. तुम्हाला मान मिळेल, मला आधार. सही करा ताई, त्याने हात जोडले. मुलगी आता दहा वर्षांची आहे. मी मुलाखतीला बसणारच नव्हतो, साहेबांनीच बसवलं.

"आणि चष्मिसचा मेमो?" बाईंनी विचारलं.

तो पंपाकडे बघत म्हणाला, तिचं वय लहान आहे, तिला काय, दुसरीकडे मिळेल. आणि हे म्हटल्यावर बाईंचा चेहरा बघून घाईघाईने पुढचं बोलला, आणि तेच त्याचं चुकलं.

"हे सगळं सुरू तर तुम्हीच केलं होतं ना, ताई."

बाईंना वाटलं, याच्या एक मुस्कटात ठेवून द्यावी. हात उचललाही गेला असता. पण ते खरं होतं, अक्षरन् अक्षर खरं होतं, आणि म्हणूनच इतका संताप आला. साहेबांनी जागा चोरली असं त्या गावभर सांगत फिरत होत्या, पण साहेबांना "नजर अचूक" असं वाटायला लावलं कुणी? अकरा वर्षं, दिवसातून दहा-दहा वेळा, गिऱ्हाइकांसमोर त्या स्वतःचे डोळे ताटात घालून याच्यापुढे ठेवत होत्या आणि कौतुकाने बाजूला सरत होत्या. मोठ्या मनाची बाई म्हणून आतल्या आत खूशही होत होत्या. या मूर्खपणाला तक्रार मंडळात कलम नव्हतं.

"हो, मीच सुरू केलं," त्या म्हणाल्या. "मी तुझी नोकरी वाचवली. तू माझी घेतलीस. मात्रांचा प्रमुख हो म्हणून मी तुला किती वेळा सांगितलं? ती खुर्ची रिकामी होती. तिथे तुझ्यासारखा दुसरा नाही. पण तुला पाटी पाहिजे होती, आणि ती डोळ्यांच्या खात्याचीच पाहिजे होती."

तो रडू लागला. अकरा वर्षांपूर्वी रडला होता तस्साच, नाक ओढत. पण या वेळी बाईंना कीव आली नाही, आणि आपल्याला ती आली नाही याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी त्याला तीन गोष्टी सांगितल्या, आवाज न चढवता, आणि त्यांना ओळखणाऱ्याला कळलं असतं की हा त्यांचा सगळ्यात वाईट राग. चहाडी करणार नाही. मंडळाने विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि यापुढे उजवीकडे काही ठेवणार नाही. तुझं तू काय ते सांग, आणि त्या पोरीचा मेमो उतरव. मग त्या वर निघून गेल्या.

सोमवारी त्यांनी मध्यस्थबाईंना फोन केला. सही करत नाही म्हणाल्या. मध्यस्थबाईंची सर्दी अजून गेली नव्हती; त्यांनी विचारलं, कोणतं कलम अडतंय, आपण बदलून घेऊ. आठवं, बाई म्हणाल्या. आणि सातवं. सहावंही. मध्यस्थबाईंनी हळूच विचारलं, मग राहिलं काय? बाई म्हणाल्या, सुनावणीची तारीख राहिली, ती तेवढी नीट कळवा.

नवऱ्याने ऐकलं आणि म्हणाला, म्हणजे अजून महिनाभर मलाच बोलणी बसणार. पण त्या संध्याकाळी भांडी त्याने घासली. नणंदेने वरून विचारलं, वहिनी, सिद्ध करायला दोन मिनिटं लागतील ते काय होतं? बाई म्हणाल्या, ते सिद्ध करायचं काम माझं नाही.

गुरुवारी सकाळी घडीखात्यात शिपाई निरोप घेऊन आला. पहारेकऱ्यांच्या गणवेशाचं गिऱ्हाईक आलं आहे, नव्याने रंगवलेले तुकडे पसंत करायचे आहेत, शेडताईंना वर बोलावलं आहे, फक्त आजच्यापुरतं. आजच्यापुरतं हा शब्द बघूसाहेबांचाच असणार. तडजोड मोडली होती, पण डोळे हवे होतेच, आणि तेही फुकटात. बाईंनी हातातला तागा पूर्ण घडी करून ठेवला, हात धुतले आणि वर गेल्या.

पाच महिन्यांत खोलीत काही बदललं नव्हतं. तीच पेटी, तेच दिवे, भिंतीला तोच काळा रंग. गिऱ्हाईक म्हणून आलेले गृहस्थ फटकळ दिसत होते आणि एकदा माल फसल्यामुळे आधीच घुश्शात होते. बघूसाहेब त्यांना नव्या शेडमास्तरांबद्दल सांगत होते. चष्मिस कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. धाकटा पेटीसमोर उभा होता, हात मागे बांधून. बाई आत आल्या तसा त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला. इतक्या वर्षांची सवय, बाई आल्या म्हणजे आता निभावेल.

चष्मिसने पाच तुकडे बाईंच्या हातात दिले. बाईंनी ते एकदा पाहिले. तिसरा. त्यात शंकाच नव्हती. त्यांची बोटं आपोआप तो उजवीकडे सरकवायला निघाली, आणि स्वतःच्या बोटांचा त्यांना इतका राग आला की त्यांनी ती मुठीत आवळली. मग त्यांनी पाचही तुकडे एकावर एक ठेवले, पत्त्यांसारखे पिसले आणि ती चळत धाकट्याच्या हातात दिली.

"बघा, साहेब," त्या म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या.

धाकट्याने तुकडे पेटीत ठेवले. कसे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. एक पुढे घेतला, मागे ठेवला. दिवा बदलला. डोळे बारीक केले. गिऱ्हाइकाने घड्याळ पाहिलं. बघूसाहेब हसत म्हणाले, आमच्या मास्तरांची नजर जरा चोखंदळ आहे. धाकट्याच्या कपाळावर घाम आला. त्याने उजवीकडच्या तुकड्याकडे पाहिलं, आणि मग मान वळवून कोपऱ्यात उभ्या चष्मिसकडे. तिने पेन आणि वही धरली होती, क्रम लिहून घ्यायला. या वेळी ती पुरावा ठेवणार होती.

"मला यात फरक दिसत नाही," धाकटा म्हणाला. आवाज इतका बारीक की गिऱ्हाइकाने "काय?" असं विचारलं. मग त्याला पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. "मला तांबडं-हिरवं वेगळं दिसत नाही. पहिल्यापासून नाही दिसत. मागच्या खेपेला चूक माझी होती, हिची नव्हती. ताई, तुम्ही सांगा."

बघूसाहेबांचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून "बघू" सुद्धा निघत नव्हतं. चष्मिसने वही छातीशी धरली. बाईंना वाटलं होतं, असं झालं तर आपल्याला गार वाटेल. तसं काही वाटलं नाही. अकरा वर्षं एका वाक्यात संपली होती आणि ती त्यांचीही होती. त्या पुढे झाल्या, पाचांतला एक तुकडा उचलून मूळ नमुन्यावर ठेवला आणि एकामागून एक तिन्ही दिवे लावून दाखवले. तुकडा नमुन्यात विरघळल्यासारखा दिसेनासा झाला. गिऱ्हाईक वाकलं, नाक जवळ नेलं, म्हणालं, हाच, अगदी हाच.

मग कार्ड भरायची वेळ आली. पसंत केलेला तुकडा कार्डाला टाचायचा आणि खाली रंग जुळवणाऱ्याचं नाव लिहायचं, अशी पद्धत; तुकडा कुणीही जुळवो, नाव मात्र शेडमास्तरचंच पडायचं. बघूसाहेबांनी भान येताच सवयीने पेन धाकट्यापुढे केलं. धाकट्याने ते घेतलं आणि बाईंना दिलं. बाईंनी कार्डावर आपलं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, सावकाश. बावीस वर्षांत त्या रकान्यात ते पहिल्यांदाच येत होतं.

गिऱ्हाइकाला दारापर्यंत पोचवून बघूसाहेब परत आले ते थेट बाईंकडे. झालं गेलं विसरून जाऊ, ते हळू आवाजात म्हणाले. आता तर सगळं स्पष्टच झालं, जागेचं मी बघतो. आता मंडळापर्यंत जायची काय गरज आहे?

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्या धाकट्याकडे बघत होत्या. तो पेटीला टेकून उभा होता, पांढराफटक, पण त्याने मान खाली घातलेली नव्हती.

"साहेब, तुमच्या कागदावर त्याच्या नावापुढे एक खोटं लिहिलंय आणि माझ्या नावापुढे तीन सबबी," बाई म्हणाल्या. "त्याचं खोटं त्याने सगळ्यांसमोर खोडलं. तुमच्या तीन सबबी तुम्हाला तिथे येऊन खोडाव्या लागतील. तारीख सव्वीस आहे, अकरा वाजता. उशीर करू नका."

आणि त्या जिना उतरून घडीखात्यात गेल्या, कारण बदलीचा कागद अजून कुणी रद्द केलेला नव्हता.